मदत हवी आहे: जुळे सोलापुरात सिटी बस आतपर्यंत आणायची आहे

1992 च्या हद्दवाढीला एवढी वर्षं झाली, तरी आमच्या कॉलनीतून बससाठी विजापूर रोडपर्यंत दीड किलोमीटर चालावं लागतं. शेअर रिक्षा चौथा माणूस पुढच्या सीटवर टेकवल्याशिवाय हलत नाही. म्हाताऱ्यांनी काय करायचं?

महापालिकेच्या परिवहन विभागाला 140 सह्यांचा अर्ज दिलाय, पोचेवर आवक शिक्काही आहे. दोनदा चकरा मारल्या, उत्तर एकच: "बघू की". रस्ता डांबरी आहे, फक्त विजेच्या डीपीजवळच्या वळणावर मोठी बस अडेल, मिनीबस सहज वळते. नवीन मार्ग नकोच, आहे ती फेरी सकाळ-संध्याकाळ आत वळवली तरी भागेल.

एवढ्यासाठी आरटीओकडून परमिटात बदल लागतो, की परिवहन विभागाच्या पातळीवरच होतं? अर्जाला प्रवाशांची मोजणी जोडावी लागते का? असा मार्ग कुणी वाढवून घेतलाय का?