म्हणे अरियलूरच्या खाणी बंद करा!

दगडूशेट: कालपासून एक पोस्ट फिरतेय. 'तमिळनाडूत अरियलूरच्या सिमेंट खाणींनी डायनासोरची अंडी भरडली, खाणी आजच बंद करा.' फोटो कुठले, तर 2020 मध्ये पेरंबलूरजवळ कुन्नमला सापडलेल्या गोल गोट्यांचे! ती अंडी नाहीत, समुद्री गाळाचे गोटे आहेत, हे भूवैज्ञानिकांनी तेव्हाच सांगून झालंय. आणि खाण नसती तर सपाट रानात थर दिसले असते कुठे? कल्लनकुरिच्चीच्या खाणीत उतरा, भिंतभर ग्रायफिया या कालवासारख्या प्राण्याच्या शिंपल्या. सात कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र. ते सिमेंटवाल्यांमुळेच दिसतंय.

ओढ्याकाठची: वा! ब्लॅनफर्ड या इंग्रज भूवैज्ञानिकाने 1860 च्या दशकात इथल्या खडकांचे उत्तातूर, त्रिचनापल्ली, अरियलूर असे तीन गट पाडले, ते कुठल्या सिमेंट खाणीत उतरून? ओढ्यानाल्यांतून पायपीट केली त्याने.

दगडूशेट: बरं बाई, ब्लॅनफर्ड तुमचा.

तंजावरकर: आमचं घर तिथून फार लांब नाही. आधी त्या ट्रकांच्या धुळीबद्दल बोला! माझ्या आत्याच्या अंगणातली तुळस बारा महिने पांढरी असते. तुमचे जीवाश्म नंतर.

बेसाल्टपुत्र: सरसकट 'अंडी नाहीत' म्हणू नका. 2009 मध्ये याच अरियलूर भागात, सेंदुरैजवळ डायनासोरच्या अंड्यांचे पुंजके सापडल्याचं संशोधकांनी जाहीर केलं होतं. आणि बृहत्कायोसॉरस हा डायनासोर विसरलात? इथल्याच कल्लमेडूचा, दोन मीटर लांब नडगीवाला!

ओढ्याकाठची: नडगी की ओंडका? साथनूरला 18 मीटरचं दगड झालेलं खोड पडलंय, तेही या समुद्रातच वाहून आलेलं. तशातलंच एखादं नसेल कशावरून?

बेसाल्टपुत्र: 2022 मध्ये त्या नडगीचे जुने फोटो छापून आलेत. डोळे उघडून बघा.

ओढ्याकाठची: फोटोच ना? हाडं कुठायत? पावसाळ्यात भुगा झाली. आधी म्हणे मांसाहारी, मग म्हणे शाकाहारी. नाव मात्र झकास, बृहत्काय!

बेसाल्टपुत्र: तुमच्यासारख्यांना स्वतःच्या देशातलं काही मोठं सापडलं की पोटात दुखतं.

ओढ्याकाठची: पोटात नाही, डोक्यात जातं. 94 साली एम.एस्सी.च्या सहलीला त्याच भागातल्या कारैच्या घळीत गेलो होतो. जन्मभर काळ्या फत्तरात वाढलेली आम्ही पोरं. जमिनीवर बंदुकीच्या गोळ्यांसारखे बेलेम्नाइट, म्हणजे माकूळासारख्या प्राण्यांचे जीवाश्म, पसरलेले बघून वेडी झालो, पिशव्या भरभरून आणले. कुठल्या थरातला कुठला, कुणीही लिहून ठेवलं नाही. माझ्याकडचा अमोनाइट, गुंडाळलेल्या शंखाचा जीवाश्म, अजून बिलांवर वजन म्हणून आहे. त्याला आता शास्त्रात किंमत शून्य. तुमच्या नडगीचंही तेच.

दगडूशेट: म्हणजे खाणवाले चोर आणि तुम्ही अभ्यासक?

ओढ्याकाठची: मीही चोरच. लिहिलंय ना वर.

तंजावरकर: मग वारणवासीच्या जीवाश्म संग्रहालयात देऊन टाका की.

ओढ्याकाठची: कुठला थर विचारलं तर काय सांगू? 'बिलांखालचा'?

बेसाल्टपुत्र: नडगीच होती.

दगडूशेट: बरं, होती. निदान एक खाण राखून ठेवा, भिंत तशीच उभी ठेवून, एवढं मीही म्हणेन. पण पोस्टवाल्याने आधी तो फोटो काढावा.

तंजावरकर: आणि ट्रकांवर ताडपत्री?