मुनिसिपिओ म्हणजे ग्रामपंचायत का तालुका?

मांजराकाठ:
मी औसा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य. पोरीला भूगोलाच्या प्रकल्पाला मेक्सिको आलाय. वाचताना 'मुनिसिपिओ' शब्दावर अडले. ही ग्रामपंचायत धरायची का पंचायत समिती? आणि मिचोआकान राज्यातल्या चेरानमध्ये राजकीय पक्षांना थाराच नाही म्हणे. मग कारभारी निवडतात कसे? प्रकल्प होईल कसाबी, मलाच समजून घ्यायचंय.

भूगोलवाला_अंबाजोगाई:
ताई, मुख्य गाव, भोवतालच्या वाड्या, शिवार, जंगल मिळून एक मुनिसिपिओ. मुलूख बऱ्याचदा तालुक्याएवढा, पण पाणी, गटार, दिवाबत्ती, कचरा, बाजार, स्मशानभूमी हे सगळं एकाच निवडलेल्या मंडळाकडं. त्यांच्या १९१७ च्या राज्यघटनेचं कलम ११५ वाचा: मुनिसिपिओ आणि राज्य सरकार यांच्या मधे दुसरी सत्ता नको, असं त्यात लिहिलंय. म्हणजे फाइल बीडीओकडं, मग जिल्हा परिषदेत, हा प्रवासच नाही.
चेरान पुरेपेचा आदिवासींचं, वस्ती सुमारे २० हजार. उंची २,४०० मीटरच्या आसपास. आपलं कळसूबाई १,६४६. पावसाचे महिने आपल्यासारखेच, पण डोंगरावर पाइनचं जंगल.

बालाघाटी:
त्या जंगलावरूनच सगळं घडलं. हत्यारबंद लाकूडतस्कर ट्रक भरभरून झाडं न्यायचे. १५ एप्रिल २०११ ला सकाळी बायांनी ट्रक अडवले, चर्चच्या घंटा वाजल्या, गाव धावलं. मग राखणीसाठी कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या. शेजारी तिथंच जेवायचे, तिथंच गावाचं बोलणं व्हायचं. पक्ष नकोत हे तिथंच पक्कं झालं. त्याच वर्षी निवडणूक न्यायाधिकरणानं आपल्या रीतीनं कारभारी निवडायचा त्यांचा हक्क मान्य केला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये पहिलं मंडळ बसलं. आजही नाव आधी शेकोटीवर निघतं. मग पेठेच्या सभेत लोक आपापल्या माणसामागं रांगेत उभे राहतात आणि डोकी मोजतात. चार पेठा, प्रत्येकीचे तीन, असे बारा जण. एकटा अध्यक्ष कुणीच नाही. मुदत ३ वर्षं.

मांजराकाठ:
दादा, शेकोटीचं वाचून रात्री झोप लागंना. आमच्या ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढेबी येत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मागच्या खेपेला अकरा माणसं होती, त्यात बाई मी एकटीच. बाकीच्यांना विचारलं तर म्हणाल्या, पारावर सगळे गडी बसलेले, तिथं कसं बोलावं. पण ह्याच बाया पौषात गल्लीत शेकोटीला बसल्या की नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, कोणत्या खांबावर दिवा नाही, सगळं तोंडपाठ सांगतात. २६ जानेवारीच्या सभेआधी माझ्या वॉर्डातल्या तिन्ही गल्ल्यांत वही घेऊन बसणार आहे.

भूगोलवाला_अंबाजोगाई:
जरूर बसा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानंच बंधनकारक आहे. वहीतले विषय आधी तिथं मांडा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) इतिवृत्तात लिहून घ्या.