मदत हवी आहे: अमरावती–मुंबई रात्रीचा प्रवास, आईची झोप आणि तिकिटाचा खर्च

नमस्कार मंडळी,

माझ्या आईवर (वय ५८) मागच्या वर्षी परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरचे उपचार झाले. आता तब्येत चांगली आहे, पण दर तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. संध्याकाळी अमरावतीहून मुंबई एक्सप्रेस धरायची, पहाटे दादरला उतरायचं, दिवसभर हॉस्पिटल आणि त्याच संध्याकाळी परतीची गाडी. दोन्ही रात्री गाडीत गेल्या की लॉजचा खर्च वाचतो. पैशांच्या हिशोबाने ठीक आहे, पण आईला डोळा लागत नाही.

गेल्या खेपेला स्लीपरमध्ये तिला १ नंबरचा बर्थ मिळाला, मला २. दार अगदी डोक्याशी. रात्रभर ते आपटत होतं आणि शौचालयाकडे जाणाऱ्या प्रत्येकाचा धक्का तिच्या पायांना लागत होता. भुसावळला एक मोठं कुटुंब चढलं, दिवा लावून बराच वेळ सामान लावत बसलं. आई तोंडावर पदर घेऊन नुसती पडून होती. नाशिक गेल्यावर तर दर पंधरा मिनिटांनी, "कल्याण गेलं का गं?" सकाळी रक्त द्यायच्या रांगेत तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि उभ्या उभ्याच झोपली. तेव्हापासून माझ्या मनात हेच घोळतंय.

थ्री एसीने न्यावं असं खूप वाटतं, पण दोघींचं जाऊन-येऊन भाडं आम्हाला जड जातं. त्यात दोनदा तिकीट उशिरा काढल्यामुळे तत्काळ घ्यावं लागलं. उपचार चालू असताना कॅन्सरच्या सवलतीचा फॉर्म भरला होता, पण आता उपचार संपलेत, त्यामुळे तो विषय संपला असं धरून चालले होते.

पुढची तारीख मिळाली आहे, अडीच महिने हातात आहेत. कमी पैशात आईला नीट झोप मिळावी म्हणून काय करता येईल? ज्यांनी आजारी माणसाला घेऊन असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सांगा.

बडनेरेकर:
ताई, तो विषय संपलेला नाही. कॅन्सरची सवलत उपचारांसाठी आहे तशीच ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीसाठीही आहे. माझ्या वडिलांना पाच वर्षं अशीच नेत होतो. रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत मूळ भाड्यात १०० टक्के सूट मिळते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. (टू एसीत दोघांनाही ५० टक्केच, तिकडे जाऊ नका.) आता हिशोब करा. आईचं मूळ भाडं शून्य आणि तुमचं पाव. म्हणजे तुम्ही आज स्लीपरची दोन पूर्ण तिकिटं काढता, त्यापेक्षा थ्री एसी स्वस्त पडेल. आरक्षण आणि सुपरफास्टचे थोडे पैसे वर लागले तरी.

हॉस्पिटलमधून ठरलेल्या नमुन्यातला दाखला सही-शिक्क्यासह घ्या. फॉर्मवर दोन्ही स्टेशनांची नावं बरोबर आहेत ना, ते तिथेच उभं राहून वाचा. आमच्या दाखल्यावर एकदा अमरावतीऐवजी अकोला लिहिलं गेलं होतं आणि खिडकीवरून परत यावं लागलं. त्याच्या झेरॉक्स काढून ठेवा, मूळ कागद प्रवासात जवळ असू द्या.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. तत्काळमध्ये कोणतीच सवलत चालत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस न धरता. तुमची तारीख आधी कळते, त्यामुळे कॅलेंडरवर ६० दिवस मागे मोजून खूण करा आणि त्या दिवशी सकाळी ८ ला खिडकीवर हजर राहा. परतीचं तिकीटही त्याच खेपेत विचारा.

रात्रपाळी:
मी नोकरीमुळे महिन्यातून चार रात्री गाडीत काढतो, म्हणून झोपेबद्दल लिहितो. ७२ बर्थच्या डब्यात १ ते ८ आणि ६५ ते ७२ हे दाराजवळचे. डब्याच्या मधले लोअर म्हणजे २५, २८, ३३, ३६, ४१, ४४. तिथे हादरे कमी बसतात आणि दाराचा आवाज पोचत नाही. नंबर आपल्याला निवडता येत नाही हे खरं, पण बदलून मागायची वेळ आली तर कुठला मागायचा हे माहीत असलेलं बरं. साइड लोअर मिळाला तर मध्ये जोडाची फट येते, तीच पाठीत रुतते. घरची गोधडी दुहेरी करून घाला, फरक पडतो.

मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघडता येतो. तुमची गाडी संध्याकाळीच सुटते, तेव्हा जेवण साडेनवाच्या आत उरकून घ्या, म्हणजे दहाला आई निवांत आडवी होईल.

आणि त्या "कल्याण गेलं का"वर उपाय आहे. १३९ ला फोन करून पीएनआर आणि उतरायचं स्टेशन सांगायचं, स्टेशन येण्याआधी तुम्हाला फोन येतो. शिवाय स्वतःचा गजरही लावा. जागं राहायची जबाबदारी आपल्यावर नाही हे एकदा मनाला पटलं की म्हाताऱ्या माणसांना झोप लागते, हे मी माझ्या आजीच्या बाबतीत पाहिलंय.

सुमनकाकू:
बाळा, एसीत आईला थंडी वाजेल. उपचारांनंतर मला अजून वाजते. मोजे, कानटोपी आणि आपली धुतलेली सुती चादर ने, ती अंगाला लागू दे, ब्लँकेट त्यावर. डबा घरूनच. मी दशम्या आणि कोरडी चटणी नेते, पोटाला त्रास होत नाही. फक्त सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर किती वाजल्यानंतर खायचं नाही ते आधी विचारून ठेव.

लोअर बर्थचं सांगते. ४५ च्या पुढच्या बाईला लोअर कोट्यातून खालचा बर्थ मिळतो, पण ती एकटी असेल किंवा तिकिटावरच्या दोघीही त्या वयाच्या असतील तर. तू सोबत आहेस म्हणून तो कोटा लागत नसणार. सवलतीच्या फॉर्मबरोबर आरक्षण अर्जावर "लोअर" ठळक लिही. तरी वरचा आलाच तर गाडी सुटल्यावर तिकीट तपासनिसांना कागद दाखव, रिकामा खालचा बर्थ असेल तर ते देतात. मला दोनदा दिलाय.

कधी राहायची वेळ आलीच तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा लक्षात ठेव. बाबा आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. टाटाला येणारे किती तरी रुग्ण तिथे राहतात. आम्ही अकरा दिवस होतो.

धागाकर्ती:
तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. काल हॉस्पिटलला फोन केला, तपासणीसाठीही दाखला मिळतो असं त्यांनी सांगितलं. आमचे शेजारी पुढच्या आठवड्यात तिथेच चाललेत, ते कागद घेऊन येतील. ६० दिवस मोजले तर मंगळवार येतो. त्या दिवशी मी शाळेत उशिरा येणार हे मुख्याध्यापिकाबाईंना आजच सांगून टाकलंय.

आईला १३९ चं सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "नक्की फोन येतो ना?" मग म्हणाली, यावेळी गोधडी मीच बांधते, निळी, ती मऊ आहे.

एक विचारायचं राहिलं. परतीच्या गाडीला दोन-तीन तास असतात, तेवढा वेळ आईला आडवं पडता येईल अशी स्वस्त जागा दादर किंवा सीएसएमटीजवळ कुणी वापरली आहे का? बाकड्यावर बसून तिचे पाय सुजतात.