मदत हवी आहे: आईचा दमा आणि दर महिन्याचं इंजेक्शन

नमस्कार. आम्ही चेंबूरला राहतो. आई ६१ वर्षांची, दमा जुना. पंप रोज दोन वेळा, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून, न चुकता घेते. तरी या वर्षात तीनदा स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या आणि साखर वाढली. समोरची इमारत पाडतायत, खिडकी उघडायची सोय नाही. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ६४० आले, म्हणजे वाढलेले. डॉक्टर म्हणतात, या पेशींमुळे श्वासनलिकेला आतून सूज राहते. मेपोलिझुमॅब (या पेशी कमी करणारं इंजेक्शन) दर चार आठवड्यांनी देऊन बघू.

कोणाच्या घरी हे चालू आहे का? गोळ्या खरंच सुटल्या का, किती महिन्यांनी? आणि फेनो तपासणी (फुंकर मारून सूज मोजतात ती) परळ-सायनकडे कुठे होते? रात्र रात्र ती उशीला टेकून बसून काढते, बघवत नाही.