पातळ म्हणजे सोपे, असे नव्हे

अर्धांगवायूनंतर वडिलांना भाकरी गिळवत नाही म्हणून पातळ वरण व पाणी पाजतो, असे आपण लिहिले आहे. परंतु पातळ पदार्थ घशात इतक्या वेगाने उतरतो की, मंदावलेले स्नायू श्वासनलिका वेळेत बंद करू शकत नाहीत. वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी हे आपल्या मराठवाड्यात आजाऱ्याचे हक्काचे जेवण, पण रस आणि कण एकत्र असल्याने तेही अवघडच. ठसका लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण अन्न निमूटपणे फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. जेवताना आवाज ओलसर, घरघरता झाला तर ती अन्न श्वासनलिकेत जात असल्याची खूण समजावी. ताठ बसवूनच भरवावे, लुळ्या बाजूच्या गालात घास साठला आहे का ते पाहावे. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट (बोलण्या-गिळण्याच्या अडचणींवर उपचार करणारे तज्ज्ञ) करतात. ती होईपर्यंत तोंडाने काय द्यावे, हे डॉक्टरांना आजच विचारा.