आधी दोनच ऑपरेटर ठेवून बघा
एफएम सिंथेसिसमध्ये (एका ध्वनिलहरीने दुसरी हलवून आवाज बनवण्याची पद्धत) सहाही ऑपरेटर, म्हणजे लहरी तयार करणारे भाग, चालू केले की नुसता खरखराट येतो अशी तक्रार असेल, तर डेक्सेडमध्ये (यामाहाच्या डीएक्स७ सिंथेसायझरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) अल्गोरिदम १ (ऑपरेटर एकमेकांना जोडायची पहिली रचना) घ्या आणि ऑपरेटर ३ ते ६ सरळ बंद करा, म्हणजे ऑपरेटर १ हा कॅरियर (जो आपल्याला ऐकू येतो) आणि ऑपरेटर २ हा मॉड्युलेटर (जो कॅरियरला हलवतो) एवढंच उरतं. दोघांचा रेशो (मूळ सुराच्या किती पट) १ ठेवून मॉड्युलेटरची लेव्हल सावकाश वाढवा, आवाज कसा उजळत जातो ते नीट ऐका. मग मॉड्युलेटरचा रेशो ३.५ वर न्या, लगेच घंटेसारखं वाजतं, कारण वरचे बरेच स्वर मूळ सुराच्या पूर्ण पटीत बसत नाहीत. खरी गंमत मॉड्युलेटरच्या एन्व्हलपमध्ये (वेळेनुसार लेव्हल कशी चढते-उतरते ते) आहे, तो पटकन खाली आणला की सुरुवातीला टण् आणि मागे मऊ सूर, १९८३ च्या डीएक्स७ चा तो इलेक्ट्रिक पियानो असाच बनतो. बाकीचे ३१ अल्गोरिदम नंतर!