तुमची कॉफी कशी? प्रमाणासकट सांगा

गोव्यात घरोघरी कॉफी होते, पण एका घरातली दुसऱ्या घरासारखी लागत नाही. कुठे जायफळ असतं, कुठे चिकोरीला (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीला) मज्जाव असतो, कुठे माडाच्या गुळावाचून चालत नाही. आपापली पद्धत इथे लिहा. नुसतं "छान लागते" नको. पूड किती, पाणी किती, भांडं कुठलं आणि बिघडते ती नेमकी कुठे, हे सगळं यायला हवं. वाचणाऱ्याला उद्या सकाळी तश्शीच करता आली पाहिजे.

मडगावहून

माझी फिल्टरची, ८०:२०. म्हणजे ८० भाग कॉफी आणि २० भाग चिकोरी. पूड घेताना हे प्रमाण तोंडाने सांगावं, नाहीतर ६०:४० हातात पडते. तिचं डिकॉक्शन (फिल्टरमधून गळणारा कॉफीचा अर्क) काळंभोर उतरतं, पण वास नावालाच असतो. बियांमध्ये पीबेरी (फळात एकटीच वाढलेली गोल बी) आणि प्लँटेशन ए (मोठ्या बियांची एक प्रत) निम्मे-निम्मे.

चार लहान पेल्यांना २५ ग्रॅम पूड लागते, म्हणजे सपाट पाच मोठे चमचे. ती फिल्टरच्या वरच्या भांड्यात घालून भांडं बाजूने दोनदा थोपटा, पूड सारखी बसते. वर छत्री (फिल्टरमधली दांडीची, भोकांची चकती) नुसती टेकवा, दाबू नका. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी दोन-तीन चमचे पाणी गोल फिरवत घाला, पूड फुगू द्या आणि मग बाकीचं ओता. एकूण पाणी १५० मिली. पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली १०० मिलीच्या आसपासच उतरतं. त्यात पाणी वाढवून डिकॉक्शन पुरवायला गेलात की कॉफी पांचट होणारच.

उतरायला १५ ते २० मिनिटं लागतात. पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर दळण जाड आहे. थेंबच पडत नसेल तर छत्री दाबली गेलीय, चिकोरी जास्त आहे (ती पाणी पिऊन फुगते आणि वाट अडवते) किंवा भोकं बुजलीत. आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. वरचं भांडं खालच्यात इतकं घट्ट बसतं की आतली हवा कोंडते. वरचं भांडं बोटभर उचलून परत ठेवा, टपटप सुरू होते.

भोकं बुजली असतील तर वरचं कोरडं भांडं सांडशीत धरून त्याचा तळ गॅसच्या ज्योतीवर तापवा. अडकलेली पूड जळून जाते. पूर्ण गार झाल्यावर ब्रशने झटका. छत्रीला प्लास्टिकची मूठ असेल तर ती बाजूला ठेवायला विसरू नका.

एक भाग डिकॉक्शनला तीन भाग दूध. दूध पहिल्या उकळीला उतरवायचं, आटवायचं नाही. डिकॉक्शन पुन्हा गॅसवर चढवू नका, करपट वास येतो. गार झालंच तर वाटी गरम पाण्यात ठेवा.

फोंड्याहून

आमच्याकडे जायफळाची. इथल्या कुळागरांत पोफळी-माडांच्या सावलीत जायफळ होतं, त्यामुळे कवचासकट मिळतं. कवच हलवून पाहा. आत बी खुळखुळली तर वाळलंय, नाहीतर अजून आठवडाभर सुकू द्या. ओलं जायफळ उगाळताना चिकट होतं आणि वासही हिरवट येतो. बाजारची तयार पूड वापरू नका, महिन्याभरात तिचा वास उडालेला असतो.

दोन कपांसाठी एक कप पाणी आणि तीन चहाचे चमचे साखर उकळा. गॅस बंद करा, मगच दोन शिगोशीग चमचे कॉफी पूड घाला, चिकोरी नसलेली. झाकण ठेवून चार मिनिटं थांबा. पूड घालून खळखळ उकळली की कडवटपणा सुटतो आणि तो साखरेने झाकला जात नाही. झाकण काढून वर चमचाभर गार पाणी शिंपडा, तरंगणारा गाळ तळाशी बसतो. आता ओल्या सुती फडक्यातून गाळा. चहाच्या गाळणीतून बारीक गाळ खाली येतो आणि शेवटचा घोट दाताखाली कचकचतो. हे फडकं साबणाने धुवू नका, नुसत्या कढत पाण्यातून काढून उन्हात टाका.

एक कप गरम दूध मिसळलं की शेवटी जायफळ. सहाणेवर दुधाच्या थेंबात दोन वेढे, दोन कपांना तेवढे पुरतात. चार वेढे झाले की कॉफी कडसर होते आणि जिभेला बधिरपणा येतो. जायफळ दुधासोबत उकळलं तर वास वाफेबरोबर निघून जातो, म्हणून ते सगळ्यात शेवटी. वेलची घालायची असेल तर जायफळ नको. दोन्ही एकत्र आले की खिरीसारखा वास येतो आणि कॉफी मागे पडते, हे माझं ठाम मत आहे.

साखळीहून

माडाचा गूळ आणि काळी कॉफी. या गुळाला किंचित खारट चव असते, काळ्या कॉफीत ती उत्तम बसते. २०० मिलीला सुपारीएवढा खडा. गूळ आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या, तळाशी हमखास कचरा निघतो.

दुधात गूळ घालायचा असेल तर क्रम सांभाळा. गुळात थोडा आंबटपणा असतो आणि उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटतं. म्हणून गूळ डिकॉक्शनमध्ये विरघळवा, गॅस बंद करा आणि उतरवलेलं दूध त्यात ओता. त्यानंतर भांडं पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. उरलेली गुळाची कॉफी गरम करायला गेलात तर तिथेच फाटते.

नारळाच्या दुधाचीही हीच गत. दाट दूध शेवटी घालायचं आणि त्याला उकळी येऊ द्यायची नाही.

वास्कोहून

इन्स्टंट कॉफीबद्दल लिहितेय, कारण बहुतेक घरांत रोज तीच होते आणि रोज तीच बिघडते.

फेटलेली कॉफी: दोन चमचे कॉफी, दोन चमचे साखर, दोन चमचे गरम पाणी. तिन्ही समसमान. रंग गडद तपकिरीवरून फिक्या बदामीवर येईपर्यंत फेटायचं, हाताने दहा मिनिटं तरी. साखरेमुळे पाक दाट होतो आणि फेस टिकतो. साखर वगळली तर फेस येतो, पण दूध ओतेपर्यंत बसतो. पाणी अर्धा चमचा जास्त झालं तरी मिश्रण पातळच राहतं. मग कितीही फेटा, उपयोग नाही. थोडी कॉफी-साखर वाढवून प्रमाण सुधारावं लागतं.

साध्या कॉफीतही पूड थेट गरम दुधात टाकू नका, गुठळ्या होतात. चमचाभर कोमट पाण्यात आधी कालवा.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बरणीतली कॉफी दगड होते, कारण ही पूड हवेतला ओलावा भराभर ओढते. मोठी बरणी घेऊच नका. ५० ग्रॅमची घ्या, तीही दोन लहान घट्ट डब्यांत वाटून ठेवा आणि एकच उघडा. चमचा कोरडा हवा, आणि वाफाळत्या पातेल्यावर डबा धरून पूड काढायची नाही. बरणी फ्रीजमध्ये ठेवण्याने उलट नुकसान होतं. थंड बरणी बाहेर काढून उघडली की दमट हवेतलं पाणी आत पुडीवरच जमतं.

पणजीहून

ओलाव्याचं वास्कोच्या ताईंनी सांगितलं ते फिल्टरच्या पुडीलाही लागू आहे. म्हणून मी बिया घेतो आणि लागेल तेवढ्याच दळतो. चिकमगळूरकडचा अरेबिका (कॉफीची एक जात), मध्यम भाजलेला. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तरच घ्या. भाजल्यावर पहिले पाच-सहा दिवस बियांतून वायू सुटत असतो, त्यानंतरचे तीन-चार आठवडे चव सर्वात चांगली असते.

कागदी गाळणीची, दुधाविना. १५ ग्रॅम पूड, २४० मिली पाणी. दळण जाडसर रव्यासारखं. कागद आधी गरम पाण्याने भिजवून ते पाणी फेका, नाहीतर पुठ्ठ्याचा वास उतरतो. पहिलं ३० मिली ओतून ३० सेकंद थांबा, मग तीन टप्प्यांत बाकीचं. एकूण तीन मिनिटं. दोन मिनिटांत संपलं आणि आंबट लागलं तर दळण बारीक करा, चार मिनिटं लागून कडू आलं तर जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे चूक कुठली ते कळतं.

पाण्याकडेही लक्ष द्या. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा. किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, तेव्हा ते पाणी कॉफीला नकोच. कितीही चांगली पूड घाला, चव बसकी लागते.

मडगावच्या भाऊंच्या चिकोरीला माझा विरोध नाही. चिकोरीत कॅफीन नसतं, म्हणून रात्रीच्या कॉफीला ती बरी. रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीत मात्र अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं. झोप उडत असेल तर आपल्या पुडीत रोबस्टा किती आहे ते आधी विचारा.

काणकोणहून

उन्हाळ्यात थंड पाण्यात भिजवलेली. ८० ग्रॅम जाड दळलेली पूड, ६४० मिली पाणी, काचेची बरणी, फ्रीजमध्ये १६ तास. बाहेर ठेवू नका, एप्रिलच्या उकाड्यात तिला आंबूस वास धरतो. आधी गाळणीतून, मग फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका, गाळ उतरतो आणि कॉफी गढूळ होते. फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस टिकते.

पिताना एक भाग कॉफी, दोन भाग थंडगार शहाळ्याचं पाणी. साखर लागत नाही. शहाळं त्याच वेळी फोडलेलं हवं, सकाळचं पाणी दुपारपर्यंत आंबतं. कोवळं घ्या. जून नारळाच्या पाण्याने चव तुरट होते. बर्फ याच कॉफीचा करून ठेवा, म्हणजे शेवटचा घोट पाणचट होत नाही.

म्हापशाहून

कोरी, बिनसाखरेची, सोबत कडक उंडो (गोल पाव). १० ग्रॅम पूड, १८० मिली पाणी, फोंड्याच्या ताईंच्या रीतीनेच गाळलेली. उंडो बुडवायचा असेल तर कॉफी थोडी जास्त कडक करा, पाव चव शोषून घेतो.

डिचोलीहून

कामावर थर्मासमधून नेणाऱ्यांसाठी. दूध घातलेली कॉफी थर्मासमध्ये भरू नका. तीन-चार तासांत तिला शिळा वास येतो, आणि झाकणाच्या रबरात दूध अडकलं की तो वास पुढचे कित्येक दिवस निघत नाही. दूध वेगळ्या थर्मासमध्ये न्या, डिकॉक्शन लहान स्टीलच्या डबीत, आणि पितेवेळी मिसळा. दूध भरण्याआधी थर्मासमध्ये पाच मिनिटं उकळतं पाणी ठेवून ओतून टाका, दुपारपर्यंत दूध चांगलं कढत राहतं. झाकणाचं रबर रोज काढून धुवा.